मसाई माराच्या कॉन्झर्व्हन्सीत तंबूतला मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाला तीनदा जाऊन आल्यापासून मला ओळखीच्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी टूर विकत नाही. दर, नियम, वेळापत्रकं बदलत असतात, तेवढी जायच्या आधी ताजी करून घ्या.

कॉन्झर्व्हन्सी म्हणजे काय? मसाई माराचं अभयारण्य वेगळं आणि ही वेगळी?

हो, वेगळी. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह हे साधारण १,५१० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून जी माळरानं पसरली आहेत, ती मात्र मसाई कुटुंबांची आहेत, आपल्या सातबारासारखी कागदावर नावानिशी. १९६८ च्या कायद्याने इथे ‘ग्रुप रँच’ झाल्या होत्या, म्हणजे एकेका समूहाची सामाईक गायरानं. पुढे त्यांच्या वाटण्या झाल्या आणि घराघराला आपापला तुकडा मिळाला. वाटणीनंतर आपल्याकडे जे होतं तेच तिथेही झालं. कुणी तारेचं कुंपण घातलं, कुणी गव्हासाठी जमीन खंडाने दिली, कुणी विकून मोकळं झालं. कुंपण आलं की जनावरांची वाट बंद. लोइटाच्या मैदानातून दरवर्षी माराकडे येणारे वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या तिथल्या मोठ्या हरणांचे, कळप त्यामुळे पार रोडावले.

यावर निघालेला तोडगा म्हणजे कॉन्झर्व्हन्सी. शेजारशेजारच्या शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे जोडून ठेवायचे, कुंपण घालायचं नाही, नांगर लावायचा नाही, आणि तो सगळा पट्टा कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायचा. भाडं एकराच्या हिशोबाने, थेट खात्यात. पर्यटक आले काय, न आले काय, रक्कम ठरलेली. (२०२० मध्ये विमानंच बंद पडली तेव्हा हे गणित कोलमडलं आणि अनेक ठिकाणी मालकांना कमी भाड्यावर भागवावं लागलं, हेही खरं.) ओल किन्येई २००५ ची, ओलारे ओरोक २००६ ची, मारा नॉर्थ २००९ ची, नाबोइशो २०१० ची. ओलारे ओरोक आता ओलारे मोटोरोगीचा भाग आहे. आज माराभोवती अशा वीसहून जास्त कॉन्झर्व्हन्सी आहेत आणि २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या व्यवस्थेला सरकारी मान्यताही मिळाली. नाबोइशो साधारण ५०,००० एकरांची, मालक पाचशेच्या वर, म्हणजे माणशी शंभरेक एकर. नाबोइशो या मसाई शब्दाचा अर्थच ‘एकत्र येणं’ असा आहे.

तुम्ही झोपता तो तंबू कुणाच्या तरी चराऊ रानावर उभा असतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात.

गाडीतून गाईगुरं दिसली. हे कसलं जंगल? आम्हाला फसवलं का?

नाही. ती मालकाची गुरं आहेत, त्याच्या स्वतःच्या जमिनीवर. बहुतेक कॉन्झर्व्हन्सींत चराईचं वेळापत्रक असतं. एका पट्ट्यात काही दिवस गुरं, मग तो पट्टा मोकळा सोडायचा. गुरांनी उंच जून गवत खाल्लं की खाली कोवळं गवत फुटतं आणि त्यावर हरणं, झेब्रे येतात. रात्री गुरं बोमात, म्हणजे काटेरी कुंपणाच्या गोठ्यात. सिंहांना आत शिरता येऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी आता जाळीचे पक्के बोमा बांधलेत. जंगल म्हणजे माणूस हाकलून रिकामी केलेली जागा, ही आपली समजूत इथे थोडी बाजूला ठेवावी लागते.

जास्त पैसे मोजून इथे वेगळं काय मिळतं?

शांतता. ताडोबात मोहर्लीच्या बाजूला वाघ रस्त्यावर आला की जिप्सींची जी रांग लागते, ती तुम्ही पाहिली असेल. माराच्या रिझर्व्हमध्ये जुलै-ऑगस्टात त्याच्या दुप्पट गर्दी असते. नदीकाठी वाइल्डबीस्ट उतरायची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्या मोजायचा मी प्रयत्न केला होता, चाळिसाच्या पुढे नाद सोडला. कॉन्झर्व्हन्सीत एका जनावराजवळ सहसा पाच गाड्यांपेक्षा जास्त उभ्या राहू देत नाहीत, कारण मुळात तंबूच मोजके. काही कॉन्झर्व्हन्सींचा नियम तर एका तंबूमागे ७०० एकर, आणि एका कॅम्पात बाराच तंबू. तिथे मुक्कामाला असलेल्यांनाच आत फिरता येतं, बाहेरून दिवसाची गाडी येत नाही.

दुसरं असं की रिझर्व्हमध्ये रस्ता सोडता येत नाही, अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं आणि ठरावीक जागा सोडून पाय खाली टेकवायचा नाही. कॉन्झर्व्हन्सीत गाईड गाडी गवतात घालू शकतो, रात्री फिरता येतं आणि पायीही हिंडता येतं.

रात्रीच्या फेरीबद्दल थोडं सांगते, कारण लोक ती थंडीच्या कंटाळ्याने टाळतात आणि मग हळहळतात. एक माणूस तांबड्या काचेचा दिवा घेऊन गवतावर हळूहळू फिरवत असतो. आधी नुसते डोळे चमकतात. एकदा दोन डोळे खालीवर, खालीवर नाचत जाताना दिसले. जवळ गेलो तर स्प्रिंगहेअर, सशाएवढा प्राणी, कांगारूसारखा मागच्या दोन पायांवर उड्या मारत चाललेला. आर्डवार्क, म्हणजे वाळवी खाणारा लांब तोंडाचा प्राणी, मला तीन खेपांत एकदाच दिसला, तोही पाठमोरा.

पायी फिरताना मोठी जनावरं लांबूनच बघायची असतात. खरी मजा बारीकसारीक गोष्टींत. तिथे एक ठेंगणी बाभूळ सगळीकडे आहे, तिच्या काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढ्या काळ्या पोकळ गाठी असतात. त्यांत मुंग्या राहतात. आमच्या गाईडने गाठीवर टिचकी मारली आणि क्षणात त्या मुंग्या फांदीभर पसरल्या. जिराफाने तोंड घातलं की त्याच्या जिभेला असाच प्रसाद. वारा सुटला की मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून शिट्टी वाजते, म्हणून त्या झाडाचं नावच शिट्टीवाली बाभूळ.

आमचा एजंट म्हणतो, ‘मसाई मारात लग्झरी टेंटेड कॅम्प’. तो कॉन्झर्व्हन्सीतच आहे हे कसं ओळखायचं?

इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिल्या खेपेला पत्रकावर तंबूचा फोटो, ‘माराच्या कुशीत’ असे शब्द, आणि प्रत्यक्षात कॅम्प रिझर्व्हच्या सेकेनानी गेटाबाहेरच्या वस्तीत, एकाला एक लागून असलेल्या कॅम्पांच्या रांगेत. तंबू छान होता. रात्री ऐकू आला तो शेजारच्या कॅम्पचा जनरेटर आणि कुणाच्या तरी वाढदिवसाची गाणी. एजंटने खोटं काही सांगितलं नव्हतं, कारण मी नीट विचारलंच नव्हतं.

तेव्हा नेमकं विचारा. कॅम्प कुठल्या कॉन्झर्व्हन्सीत, तिचं नाव काय? कॉन्झर्व्हन्सी शुल्क दरात धरलंय का? रात्रीची फेरी आणि पायी फेरी कॅम्पच्या आवारातूनच निघते का? किती तंबू? गाडी फक्त आपल्यासाठी की इतरांबरोबर? नाव सांगताना समोरचा अडखळला की समजून जा.

तंबू म्हणजे ट्रेकला नेतो तसा? वाकून आत शिरायचं?

नाही हो. ताठ उभं राहून हिंडता येईल एवढी कॅनव्हासची खोली असते. आत लाकडी पलंग, गाद्या, टेबल, खाली चटई किंवा लाकडी फळ्या, मागच्या बाजूला झिपचं दार आणि त्यापलीकडे आपलं न्हाणीघर. कमोड फ्लशचा असतो. पुढे छोटी पडवी, दोन खुर्च्या. काही कॅम्पात चारपायी बाथटब आणि दोन-दोन बेसिनं असतात, पण मला ते उगाच वाटतं.

अंघोळीचं मात्र सांगायला हवं. बऱ्याच कॅम्पात अजून बादलीचा शॉवर असतो. संध्याकाळी फिरून आलात की तंबूमागून हाक येते, ‘माजी मोतो!’ स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी, मोतो म्हणजे गरम. एक मुलगा चुलीवर तापवलेलं वीसेक लिटर पाणी कॅनव्हासच्या बादलीत ओततो आणि दोर ओढून बादली वर चढवतो, अगदी विहिरीच्या रहाटासारखी. आत तुम्ही साखळी ओढायची. अंग भिजवा, पाणी बंद करा, साबण लावा, मग पुन्हा सोडा. ज्यांच्या लहानपणी नळाला दिवसाआड पाणी यायचं त्यांना हे शिकवावं लागत नाही. माझ्या भाचीचं पाणी मात्र केसांना शांपू लावलेला असतानाच संपलं. बाहेरच्या मुलाला हाक मारली की तो आणखी अर्धी बादली आणतो, लाजू नये.

रात्री पांघरुणात पायाला काही उबदार, मऊ लागलं तर किंचाळू नका. ती गरम पाण्याची पिशवी असते.

कुंपण नाही म्हणता. मग रात्री जनावरं तंबूपाशी येतात?

येतात. हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर.

बहुतेक कॅम्पांना कुंपण नसतं. हत्ती, रानम्हशी, पाणघोडे, तरस, कधीकधी सिंह तंबूंमधून जातात. जनावराच्या लेखी तंबू म्हणजे एक मोठी, बंद, न हलणारी वस्तू. दगड किंवा वारूळ असावं तशी. आत शिरायला त्याला कारण नसतं आणि झिपा लावलेल्या असतील तर वाटही नसते. धोका दोनच गोष्टींनी होतो. एक, तुम्ही अंधारात एकटे बाहेर पडलात. दोन, तुम्ही आत खाण्याचे पदार्थ ठेवलेत.

म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने चालायचं नाही, पन्नास पावलं असली तरी. जेवायला जाताना अस्कारी न्यायला येतो. अस्कारी म्हणजे पहारेकरी, सहसा आसपासच्याच वस्तीतला मसाई, लाल शुका पांघरलेला, एका हातात भाला, दुसऱ्या हातात टॉर्च. तो पुढे, तुम्ही मागे. एकदा आमच्या अस्कारीने चालता चालता नुसता तळहात मागे केला. आम्ही थांबलो. पायवाटेच्या डाव्या हाताला एक म्हातारा रानरेडा बसला होता, शिंगांचा जोड कपाळावर केसांचा भांग पाडावा तसा. मला दिसलाच नव्हता. अस्कारी काही बोलला नाही, टॉर्च खाली केला आणि आम्हाला तसंच पावलापावलाने मागे नेलं. मेस टेंटमध्ये, म्हणजे जेवणाच्या तंबूत, परत जाऊन आम्ही दुसऱ्यांदा सूप प्यायलो. रेडा पाऊण तासाने उठला.

तंबूत शिटी किंवा वॉकीटॉकी ठेवलेली असते. खरीच अडचण आली तर ती वाजवायची. सिंह गुरगुरतोय म्हणून वाजवायची नाही. शांत रात्री सिंहाची डरकाळी आठेक किलोमीटरवरून ऐकू येते, आणि ऐकताना मात्र तो पलंगाखाली असल्यासारखा वाटतो. तरसाचा आवाज खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढतो, तो दोन रात्रींत ओळखीचा होतो.

नदीकाठचा कॅम्प असेल तर पाणघोडा चरायला वर येतो. गोठ्याशेजारी झोपलेल्यांना तो आवाज माहीत आहे. गवत मुठीत धरून उपटावं तसं टर्र, मग चघळणं, मग एक पाऊल, पुन्हा टर्र. मी कानाला उशी दाबून पडले होते आणि नवरा घोरत होता. कुठला आवाज जास्त घाबरवणारा, हे पाणघोड्यानेच ठरवावं.

आणि साप, विंचू?

असतात, पण कमी दिसतात. बूट सकाळी झटकून घाला, झिपा पूर्ण लावा. खरा उपद्रव माकडांचा. दिवसा झिप उघडी राहिली की टूथपेस्टसुद्धा पळवतात.

दिवस कसा जातो?

विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. पहाटे साडेपाचला पडवीत चहा-बिस्किटं येतात, सहाला गाडी निघते. न्याहारी डब्यात, एखाद्या मोकळ्या टेकाडावर बॉनेटवर मांडून. अकरापर्यंत परत, जेवण, झोप. दुपारी चारला पुन्हा बाहेर, सूर्यास्ताला गाडी थांबवून काहीतरी पिणं, आणि मग हवी तर रात्रीची फेरी. दुपारचा वेळ रिकामा असतो. पुस्तक न्या. दर तासाला ‘आता पुढचा कार्यक्रम काय?’ विचारणाऱ्या मंडळींना इथे दुसऱ्या दिवशी करमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपासमार होईल का?

मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेत आपले लोक शंभर-सव्वाशे वर्षं आहेत आणि त्यांचं जेवण तिथल्या स्वयंपाकघरात कधीच मुरलंय. चपातीला ते चपातीच म्हणतात, चहाला चाय, कोशिंबिरीला काचुंबारी. न्डेंगू नावाने ताटात येते ती चक्क मुगाची उसळ, थोडी पातळ, टोमॅटो जास्त आणि तिखट जवळजवळ नाहीच. सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी. शब्दाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, कारण पगार संपला की तीच. मक्याच्या पिठाचा उगाली आपल्या ज्वारीच्या घट्ट उकडीजवळ जातो, पण बोटांनी मळून खाल्ला तरच चांगला लागतो.

फक्त बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि स्पष्ट कळवा. ‘व्हेज’ म्हटलं की अंडं चालतं असं धरतात. कांदा-लसूण, कंदमुळं नको असतील तर तीही यादी द्या. कॅम्पचं सामान नैरोबीहून आठवड्यातून एकदोनदा येतं, आयत्या वेळी बटाट्याला पर्याय मिळत नाही. डाळ असतेच, पण फोडणीत मोहरी-हिंग मिळणार नाही.

कधी जावं? मायग्रेशन, म्हणजे कळपांचं स्थलांतर, कधी दिसतं?

सेरेंगेटीतून येणारे तेराएक लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मारात असतात. नदी ओलांडणं नेमकं कुठल्या दिवशी, हे वाइल्डबीस्टनाही ठाऊक नसतं. कळप काठाशी येतो, उभा राहतो आणि तीन तासांनी मागे फिरतो. मारा नदीवरचे प्रसिद्ध उतार रिझर्व्हमध्ये आहेत, त्यामुळे कॉन्झर्व्हन्सीत राहिलात तरी त्या दिवसासाठी रिझर्व्हचं शुल्क वेगळं भरावं लागतं.

माझं मत विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी. गवत कमी उंच, चित्ते छान दिसतात, गर्दी कमी, दर उतरलेले. एप्रिल-मे हा मोठा पाऊस. तिथली माती आपल्या मराठवाड्यासारखी काळी, भिजली की गाडीचं चाक धरून ठेवते, आणि काही कॅम्प तेव्हा बंदच असतात. नोव्हेंबरचा पाऊस त्या मानाने सौम्य.

पोचायचं कसं? सामानाची मर्यादा?

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. घड्याळ अडीच तास मागे. नैरोबीहून दोन वाटा. गाडीने माई माहिऊची उतरण, नारोक आणि पुढे खडबडीत रस्ता, एकूण पाच-सहा तास. किंवा विल्सन या लहान विमानतळावरून बारा-तेरा जणांचं विमान, पाऊण तास. हे विमान एसटीसारखं असतं. आधी एका धावपट्टीवर उतरतं, दोघं उतरतात, तिघं चढतात, मग दहा मिनिटं उडून दुसऱ्या धावपट्टीवर. आपला थांबा कुठला हे पायलटला विचारून ठेवा. उतरण्याआधी तो कधीकधी एक घिरटी घालतो. खाली कुणीतरी गाडी पळवून झेब्रे हाकत असतं.

छोट्या विमानात माणशी १५ किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात बसत नाही. जास्तीचं सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवता येतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवरही. चपला गुंडाळायला कापडी पिशवी घ्या.

व्हिसा, लस?

जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना आहे, ऑनलाइन काढायचा. लशीचा घोळ लोक हमखास करतात. पिवळ्या तापाचा दाखला केनियापेक्षा परत येताना भारतात लागतो. केनिया हा पिवळ्या तापाचा देश, त्यामुळे तिथून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरिया? आणि तिथे कुणी आजारी पडलं तर?

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, डास आपल्या गावापेक्षा कमी वाटतात, पण मलेरिया आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सॲपवरचा मामा नव्हे. संध्याकाळी लांब बाह्या, मलम, आणि रात्री मच्छरदाणी किंवा बंद झिपा.

जवळ मोठं रुग्णालय नाही. गंभीर काही झालं तर विमानाने नैरोबीला नेतात. ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा १९५७ पासून हेच काम करते. अनेक कॅम्पांच्या दरात तिचं कवच असतं, पण ते रुग्णालयात पोचवण्यापुरतं. उपचाराचा विमा आपला आपण काढायचा. विम्याला स्वाहिलीतही ‘बिमा’च म्हणतात, तेव्हा विसरायला सबब नाही. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या.

कपडे?

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून लोक नुसते टीशर्ट नेतात. जुलैत पहाटे उघड्या गाडीत महाबळेश्वर आठवतं. स्वेटर, कानटोपी, वारा अडवणारं जाकीट हवंच, आणि दुपारी तेच काढून सुती शर्ट. खाकी, मातकट रंग बरे. काळा आणि गडद निळा टाळा, त्से-त्से माशीला ते रंग आवडतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे केनियात घालू नका. कपडे कॅम्पात धुऊन मिळतात, अंतर्वस्त्रं बहुतेक ठिकाणी आपली आपण धुवायची. त्यासाठी तंबूत साबणाची पूड ठेवलेली असते.

चार्जिंग आणि वायफाय?

वीज सौर. बऱ्याच ठिकाणी तंबूत दिवे असतात, पण चार्जिंग मेस टेंटमध्येच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा; आपला अडाप्टर न्या. केस वाळवायचं यंत्र लावू नका, अख्ख्या कॅम्पची बॅटरी बसते. वायफाय असलं तर मेसमध्ये आणि मंद. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, नेऊच नका.

लहान मुलं? आजी-आजोबा?

मुलांच्या वयाची अट प्रत्येक कॅम्पची वेगळी. पाच-सहाच्या खालची मुलं अनेक जण घेत नाहीत आणि पायी फेरीला सहसा बारा वर्षं पूर्ण लागतात. तक्रार करू नये, मघाचा रानरेडा आठवा. आजी-आजोबांना कॅम्प झेपतो, गाडीचे धक्के झेपतील का ते बघा. पाठीचं दुखणं असेल तर मधली सीट मागा, मागची नको. आणि विमानाने जा, रस्त्याने नको.

खर्च किती येतो? टीप किती द्यायची?

कॉन्झर्व्हन्सीतला साधा, चांगला कॅम्प माणशी एका रात्रीला साधारण ३०० डॉलरपासून सुरू होतो. नावाजलेले १,००० च्या वर जातात. त्यात राहणं, खाणं, दोन्ही फेऱ्या, बहुतेक वेळा पेयं धरलेली असतात. कॉन्झर्व्हन्सी शुल्क धरलंय का ते पुन्हा एकदा बघून घ्या. रिझर्व्हचं शुल्क परदेशी माणसाला जानेवारी ते जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर असं २०२४ मध्ये झालं. दोन-तीन रात्री राहा, पण तिथे राहा. पाच दिवसांत चार पार्क उरकण्यापेक्षा ते बरं.

टीप गाईडला माणशी दिवसाला दहा ते वीस डॉलर, आणि बाकी सगळ्यांसाठी मेसमध्ये एक पेटी असते. नोटा नव्या न्या; फाटक्या, जुन्या डॉलरच्या नोटा तिथे कुणी घेत नाही.

पैसे कुठे जातात हे मला कागदावर कळलं नव्हतं, गाडीत कळलं. आमचा गाईड तिथलाच. केनियात गाईडची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची. हा सिल्व्हर होता. एका ओढ्यापाशी गाडी थांबवून त्याने बोट दाखवलं: त्या वारुळापासून त्या तीन झाडांपर्यंत माझ्या वडिलांची जमीन. भाडं वडिलांच्या मोबाइलवर येतं, एम-पेसा या मोबाइल पैशांच्या सेवेने, आणि वडील त्या पैशातून गाई घेतात. झाडांच्या सावलीत एक सिंहीण दोन पिल्लांना पाजत होती. गाईड म्हणाला, ‘जागा आमची, राहते ती, आणि भाडं तुम्ही भरता.’

मसाई गाव बघायला जावं का? फोटो काढले तर चालतात?

जा, पण कॅम्पमार्फत, आणि पैसे कुणाला किती जातात ते आधी विचारून. रस्त्याकडेच्या ‘कल्चरल व्हिलेज’मध्ये उड्यांचा नाच, आग पेटवून दाखवणं आणि शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार असा ठरलेला कार्यक्रम असतो. मला तो अवघड वाटतो. त्यापेक्षा कॅम्पमधल्याच एखाद्या बाईकडून मणी ओवायला शिकत तासभर बसलेलं बरं. फोटो विचारून काढा. आपल्या अंगणात कुणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपण काय करू?

भाषा येत नाही, अडेल का?

इंग्रजी सगळ्यांना येतं. चार शब्द शिका: जांबो (नमस्कार), असांते (धन्यवाद), करिबू (या, स्वागत), पोले पोले (सावकाश). मसाई माणसाला ‘सोपा’ म्हणा, तो ‘एपा’ म्हणेल आणि खूश होईल. बाकी गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, रंगाला ‘रांगी’. सफारी म्हणजे प्रवास; आपली सफर तीच. झेब्र्याला ‘पुंडा मिलिया’, शब्दशः पट्ट्यापट्ट्यांचं गाढव.

वाघ दिसेल का?

आफ्रिकेत वाघ नाहीत. बिबटे आहेत, चित्ते आहेत. गेंडा कॉन्झर्व्हन्सीत क्वचितच, तो रिझर्व्हमध्ये शोधायचा.

चकली, लाडू, लोणचं नेलं तर चालेल?

न्या, पण डबा तंबूत ठेवू नका. पोचल्याबरोबर मेसमध्ये द्या, ते नाव लिहून फळीवर ठेवतात. आम्ही दिला नाही. डबा घट्ट बंद आहे, काय होणार, असं म्हणून पलंगाखाली सरकवला आणि जेवायला गेलो. परत आलो तर झिपच्या कोपऱ्यात मूठभर मोकळी जागा राहिली होती, आणि पडवीत, खुर्चीच्या पाठीवर, एक माकड दोन्ही हातांत चकली धरून तिच्या कडेकडेने कुरतडत बसलं होतं. लाडवांना त्याने हात लावला नव्हता.